एक मासा आजारी, औषध मात्र साऱ्या टाकीला

आपल्यापैकी पुष्कळ घरांच्या फॅमिली रूममध्ये माशांची टाकी असते. कुत्रा पाळावा, तर डिसेंबरात भारतात जाताना त्याला कुठे ठेवायचे हा प्रश्न. मांजर पाळावे, तर घरात कुणाला तरी केसांची ॲलर्जी. शिवाय स्वयंपाकघरात आणि देवघरात जनावराचा वावर आजी-आजोबांना रुचत नाही. मग मुलांच्या हट्टावर तोडगा म्हणून मासे येतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी पाहिले आहे, त्यांना तर मुलांपेक्षा जास्त हौस असते!

दुकानात जाऊन एकाच जातीचे मासे आणणारा मनुष्य विरळा. निऑन टेट्रा सहा, गप्पी चार, तळ साफ करतील म्हणून दोन-तीन कॉरिडोरास, पट्टेदार क्लाऊन लोच, काचेवरचे शेवाळ खायला एखादी गोगलगाय आणि हौस म्हणून चार-दोन छोट्या कोळंब्या. अशी ही मिश्र वस्ती काही महिने गुण्यागोविंदाने नांदते. मग एके दिवशी एखाद्या माशाच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. आपण धावतपळत दुकानात जातो, "व्हाइट स्पॉट" असे लिहिलेली बाटली आणतो आणि लेबलवरच्या मापाने औषध टाकीत ओततो. दुसऱ्या दिवशी गोगलगाय तळाशी निपचित, कोळंब्या दिसेनाशा झालेल्या आणि लोच एका अंगावर कलंडलेला. ठिपकेवाला मासा मात्र अजून पोहतोच आहे. रोगाने जे केले नव्हते ते औषधाने केलेले असते.

याचे कारण साधे आहे, पण बाटलीवर ते ठळक लिहिलेले नसते. आपण आजारी पडलो की गोळी आपल्या पोटात जाते. माशाचे औषध बहुधा पाण्यात जाते, आणि पाणी सर्वांचे. घरात एकाला ताप आला म्हणून आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सर्वांना, आलेल्या पाहुण्यांसकट, एकाच चमच्याने औषध पाजण्यासारखा हा प्रकार. म्हणून मिश्र टाकीत "कोणते औषध?" याआधी "औषध कुठे द्यायचे आणि तिथे आणखी कोण कोण राहते?" हा प्रश्न विचारायला हवा.

आधी पाणी तपासा

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेत असतील, कल्ले भराभर हलत असतील किंवा सगळेच एकदम मलूल झाले असतील, तर पहिला संशय रोगजंतूंवर न घेता पाण्यावर घ्यावा. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले उपयुक्त जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात "नवीन मासे का मरतात?" असे फोन येतात.

टाकीच्या पाण्याची तपासणी करण्याचा संच कुठल्याही पेट स्टोअरमध्ये मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नायट्रेट चाळीसच्या खाली असावे. पहिले दोन शून्याच्या वर असतील, तर औषध बाजूला ठेवून एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. पुष्कळदा मासे तेवढ्यानेच सावरतात.

येथे एक सावधगिरी. नळाचे पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवले की त्यातला क्लोरिन उडून जातो, ही आपली भारतातली सवय. अमेरिकेतल्या अनेक शहरांत पाण्यात क्लोरिनऐवजी क्लोरामाइन घालतात. ते असे रात्रभरात उडून जात नाही. त्यासाठी वॉटर कंडिशनर वापरावाच लागतो. तुमच्या गावात काय घालतात, ते पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक अहवालात असते.

ठिपका, कापूस की सोनेरी धूळ?

सर्व पांढरे डाग एका जातीचे नसतात. रव्याच्या कणासारखे सुटे, गोल, किंचित उठावदार ठिपके म्हणजे बहुधा "इक", म्हणजेच व्हाइट स्पॉट. टॉर्चच्या उजेडात अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी भुरभुरल्यासारखी दिसली तर तो "व्हेल्वेट". तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा पांढुरका थर दिसला तर लोक त्याला बुरशी समजतात. पण तोंडावरचा असा थर पुष्कळदा कॉलम्नॅरिस नावाच्या जीवाणूचा असतो, आणि बुरशीच्या औषधाने तो जाईल अशी खात्री धरता येत नाही.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. इकवर पाणी गरम करणे हा मान्य उपाय आहे, तर कॉलम्नॅरिस गरम पाण्यात अधिक फोफावतो. म्हणजे ठिपका आणि कापूस यांत गल्लत झाली, तर हीटरचे बटण फिरवून आपणच आगीत तेल ओततो. शक्य असेल तर भिंगातून पाहा, चांगल्या उजेडात फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. माशांचे वैद्यक जाणणारे पशुवैद्यही असतात. त्यांची अमेरिकन असोसिएशन ऑफ फिश व्हेटरिनेरियन्स ही संघटना आहे. चार डॉलरच्या माशासाठी पशुवैद्याची फी कुणी देणार नाही, हे मीही जाणतो. पण क्लाऊन लोच दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि तळ्यातले कोई तर कितीतरी महाग असतात. तिथे हा खर्च वायफळ म्हणता येत नाही.

इकचे जीवनचक्र

आता इककडेच वळू, कारण घरगुती टाकीत सर्वांत जास्त गाठ याच्याशी पडते. हा एकपेशीय परजीवी. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून जेवणारा परजीवी. तिथे त्याला कातडीचे कवच मिळते, त्यामुळे पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरले की तो गळून पडतो, तळाच्या खड्यांवर किंवा झाडांवर चिकटतो, स्वतःभोवती आवरण बांधतो आणि आत विभागत जातो. एकाचे शेकडो, कधी हजारपर्यंत होतात. मग ती पिल्ले बाहेर पडून नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषधाचा घाव बसतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवरच.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला असे नाही. ते जेवून खाली उतरलेले असतात! औषध तिथे थांबवले की आठवड्याभरात दुप्पट ठिपके घेऊन रोग परततो. दुसरी, ७५ ते ७९ अंश फॅरनहाइटला हे चक्र साधारण तीन ते सहा दिवसांत पुरे होते, थंड पाण्यात त्याला काही आठवडे लागतात. गोल्डफिशच्या थंड टाकीत म्हणूनच उपचार अधिक लांबवावे लागतात. तिसरी गोष्ट महत्त्वाची. ठिपकेवाला एकच मासा उचलून वेगळा केल्याने भागत नाही, कारण बीज मोठ्या टाकीच्या तळाशी पडलेले आहे. बाकीचे मासे वरून ठणठणीत दिसले तरी लागण झालेलेच धरावेत.

कुणाला काय सोसत नाही

तांबे हे इकवरचे जुने औषध. गोगलगाय आणि कोळंबी यांना ते मारक आहे. त्यातून तांबे खड्यांत शोषले जाऊन मागे राहते, म्हणून उपचारानंतर महिन्याभराने आणलेली कोळंबीही दगावू शकते. मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन यांचे मिश्रण प्रभावी, पण खवले नसलेले किंवा अगदी बारीक खवल्यांचे मासे, म्हणजे लोच आणि काही कॅटफिश, त्याला हळवे असतात. टेट्राही हळवेच. अनेक बाटल्यांवर अशा माशांसाठी निम्मे माप बारीक अक्षरांत लिहिलेले असते. चष्मा लावून वाचा. फॉर्मॅलिनने पाण्यातला प्राणवायूही घटतो, तेव्हा हवेचा पंप जोरात चालू ठेवावा. मिथिलीन ब्लूचा दोष निराळा. ते फिल्टरमधल्या उपयुक्त जीवाणूंना मारते, आणि मग रोग बरा होता होता अमोनिया वाढतो.

मीठ स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित, पण सर्वांना नव्हे. मॉली, गप्पी यांना ते मानवते. कॉरिडोरास, लोच आणि टाकीतली झाडे यांना फारसे नाही. मीठ म्हणजे साधे सोडियम क्लोराइड. एप्सम सॉल्ट हे वेगळे रसायन आहे, ते या कामाचे नाही. आणि लक्षात ठेवा, मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटले म्हणून भर घालताना पुन्हा मीठ घातले तर खारेपणा वाढतच जातो.

उष्णतेचा उपाय बिनऔषधी म्हणून आकर्षक वाटतो. दर बारा तासांना दोन अंश या बेताने ८६ अंशांपर्यंत न्यायचे आणि निदान दहा दिवस तिथे ठेवायचे. पण गोल्डफिशला आणि थंड पाण्यातल्या काही कॉरिडोरासना हे सोसत नाही. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ७७ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, तर ८६ अंशांना साधारण ७.५. आजारी कल्ल्यांना हा फरक जाणवतो. इकच्या काही वाणांनी उष्णतेलाही सरावून घेतले आहे, तेव्हा गुण येईलच अशी खात्री नाही.

आणि हो, हळद! हा प्रश्न प्रत्येक स्नेहसंमेलनात कुणीतरी विचारतेच. हळदीतला मुख्य घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, खाली गाळ मात्र होतो. कडुनिंबाचे तेल तर माशांना अपायकारक आहे. भाज्या धुवायला वापरायचो ते पोटॅशियम परमँगनेट जाणकारांच्या हाती उपयोगी पडते, पण त्याच्या योग्य आणि घातक मापात अंतर फार थोडे. चिमटीच्या अंदाजाने ते टाकीत घालू नये.

मासे बाहेर, गोगलगाय घरात

मग मिश्र टाकीने करावे काय? मला सर्वांत पटलेला मार्ग असा. आजारी मासा नव्हे, सगळेच मासे बाहेर काढा. गोगलगाय, कोळंबी आणि झाडे मोठ्या टाकीतच राहू द्या. परजीवीला लागतो मासा. तो न मिळाल्यास ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात तो उपाशी मरतो. सावधगिरी म्हणून दोन आठवडे टाकी माशांविना ठेवावी. मोठ्या टाकीत एक थेंबही औषध पडत नाही. गोगलगायीला थोडे खायला घालत राहा, म्हणजे फिल्टरचे जीवाणूही टिकतात.

मासे ठेवायला महागडी टाकी लागत नाही. दहा गॅलनची साधी टाकी, किंवा ज्यात कधी साबण वा रसायन पडलेले नाही असा नवा प्लॅस्टिकचा टब, एक हीटर, एक थर्मामीटर आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. तळाला खडे नकोत. लपायला मातीची कुंडी किंवा प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा पुरे. हा स्पंज एरवी मोठ्या टाकीच्या एका कोपऱ्यात चालू ठेवावा, म्हणजे त्यात जीवाणू मुरलेले असतात आणि वेळ आली की उचलून न्यायचा. तरीही लहान जागेत दाटी झाल्याने अमोनिया लवकर वाढतो. रोज तपासणी आणि रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणे हा या उपचाराचा अर्धा भाग समजावा. बदललेल्या पाण्यापुरते औषध पुन्हा घालायचे, पूर्ण टाकीपुरते नव्हे. मासे फार असतील आणि स्वभाव वेगवेगळे असतील तर दोन टब करा. एकात गप्पी-मॉली, मिठाच्या पाण्यात. गॅलनला एक छोटा चमचा, आधी विरघळवून, दिवसभरात दोन-तीन हप्त्यांत. दुसऱ्यात लोच, कॉरिडोरास, टेट्रा, निम्म्या मापाच्या औषधात.

शेवटचा ठिपका गेल्यावर उपचार थोडे पुढे चालवावेत. लेबल आठवड्याने थांबा म्हणत असेल तर मात्र थांबून, मोठे पाणी बदलून, काही दिवस निरीक्षण करावे.

औषध घालण्यापूर्वी फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा. नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि आपण औषध लागू पडत नाही म्हणून दुप्पट ओततो. पहिली मात्रा घातल्यावर तासभर टाकीपाशीच बसा. मासे उसळू लागले, कलंडले किंवा वर येऊन धापा टाकू लागले तर तयार ठेवलेल्या पाण्याने लगेच अर्धे पाणी बदला. कार्बन पुन्हा घाला. म्हणूनच औषध रात्री झोपण्यापूर्वी न घालता शनिवारी सकाळी घालावे. आणि एका वेळी एकच औषध. दोन बाटल्या एकत्र केल्या की एक ना धड, भाराभर चिंध्या.

गॅलनचा हिशेब

"२९ गॅलनची टाकी" म्हणजे २९ गॅलन पाणी नव्हे. अमेरिकन गॅलन म्हणजे २३१ घन इंच. अशी टाकी ३० इंच लांब, १२ इंच रुंद, १८ इंच उंच असते. वरचा एक इंच रिकामा, तळाला दोन इंच खडे, म्हणजे पाण्याची उंची १५ इंच. ३० गुणिले १२ गुणिले १५, भागिले २३१ केले की उत्तर साडेतेवीसच्या आत येते. २९ चे माप घातले तर औषध जवळजवळ पाव पटीने जास्त पडले! लोचला निम्मे माप द्यायचे असताना ही चूक जिवावर बेतते. इंग्लंडमधल्या आप्तांना सल्ला देताना ध्यानात ठेवा, त्यांचा गॅलन साडेचार लिटरचा, आपला पावणेचारचा.

अँटिबायोटिक आणि आपण

आता थोडे माणसांविषयी. अमेरिकेत अनेक वर्षे माशांसाठी म्हणून अमॉक्सिसिलिन, सिफॅलेक्सिन अशी अँटिबायोटिक्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जात होती. या उत्पादनांना अन्न व औषध प्रशासनाची मान्यता नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये प्रशासनाने अशी विक्री करणाऱ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे पाठवली. जनावरांच्या इतर अनेक अँटिबायोटिक्सनाही जून २०२३ पासून पशुवैद्याची चिठ्ठी लागते. विमा नाही किंवा डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून काही माणसे माशांच्या या गोळ्या स्वतः घेत. आपल्याकडे भारतातून येणारे वडीलधारे व्हिजिटर इन्शुरन्समधून जुने आजार वगळलेले असल्याने डॉक्टरकडे जायला कचरतात. त्यांना कुणी असा "स्वस्त उपाय" सुचवला तर ठामपणे नको म्हणा. त्या गोळीत काय आणि किती आहे याची शाश्वती नाही. इकसारख्या परजीवीवर तर अँटिबायोटिकचा काही उपयोगच नाही.

दुसरी गोष्ट हातांची. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा जीवाणू असू शकतो. हा क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. बोटावर चीर किंवा ओरखडा असताना हात पाण्यात घातला तर तो आत शिरतो. काही आठवड्यांनी त्या जागी लालसर गाठ येते, दुखत नाही, बरीही होत नाही. कधी हातावर वर वर एका ओळीत आणखी गाठी येतात. डॉक्टर आधी साधे इन्फेक्शन समजून औषध देतात, कारण माशांच्या टाकीचा विषय निघतच नाही. तो तुम्ही काढा. हा जीवाणू शरीराच्या नेहमीच्या तापमानापेक्षा कमी, ३० ते ३२ अंश सेल्सियसला चांगला वाढतो. प्रयोगशाळेला तशी सूचना दिली नाही तर चाचणीत तो सापडत नाही. उपचार अनेक महिने चालतात. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी लांब हातमोजे घातल्याशिवाय टाकीत हात घालू नये. सायफनला तोंड लावून पाणी ओढणे तर कुणीच करू नये.

मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन हाताळताना सर्वांनीच हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. गरोदर स्त्रियांनी या बाटल्या उघडू नयेत. टाकीची बादली वेगळी ठेवा, तिच्यावर खूण करा. फिल्टर, जाळी, खडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. तिथेच आपण तांदूळ आणि कोथिंबीर धुतो.

भारतात जाण्याआधी

बहुतेक रोग नव्या माशाबरोबर घरात येतो. दुकानातून आणलेला मासा चार आठवडे त्याच छोट्या टाकीत वेगळा ठेवावा. दुकानाचे पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. दुर्दैवाने सुट्टीच्या आधी, "टाकी रिकामी दिसते", म्हणून नोव्हेंबरात मासे आणण्याची रीत आहे. इक उमटतो तो नेमका आपण विमानात असताना, आणि शेजारच्या मुलाला फक्त खाद्य घालायचे माहीत असते. प्रवासाआधीच्या सहा आठवड्यांत नवा मासा, नवे झाड, काहीच आणू नये. खाद्याच्या एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्याव्यात, डबा देऊ नये. शेजारी प्रेमाने फार घालतात. औषधांच्या बाटल्या कपाटात कुलपात ठेवाव्यात. शेजाऱ्याला चिठ्ठीवर इतकेच लिहून द्यावे की मासे वर येऊन धापा टाकत असतील तर खाद्य बंद करून, बाजूला ठेवलेल्या कंडिशनरसह पाव टाकी पाणी बदलावे आणि फोन करावा. भारतातला नंबर आणि तिथली वेळही लिहा, नाहीतर फोन पहाटे तीनला येतो. मासा मेला तर दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाकायला सांगावे. टॉयलेटमध्ये किंवा जवळच्या तळ्यात मुळीच नको, आणि टाकीतली गोगलगाय तर जिवंतपणीही नको.